उदाहरण खरं हवं

मी एक जुनी वही आहे, आणि मला एकाच माणसाने दोनदा बांधलं. पहिल्यांदा मी कोरी होते. दुसऱ्यांदा जवळजवळ भरलेली होते. मित्रांनो, दोन्ही वेळा त्याने मला अगदी सारखंच हाताळलं. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. पण एवढ्यावर तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून सगळं सांगते.

माझा जन्म एका बुकबाइंडरच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. भिंतीशी कागदाच्या थप्प्या, मधे लांब टेबल, टेबलावर खळीचं भांडं, मेण लावलेला दोरा आणि दाभण. कोपऱ्यात लोखंडी शिकंजा होता. बांधून झालेलं पुस्तक त्यात घट्ट दाबून ठेवायचं, म्हणजे ते फुगत नाही. दुकानाच्या मागे स्वयंपाकघर. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर दुकानात ऐकू यायचं. कोणी कण्हलं असतं तर तेही ऐकू आलं असतं.

एका कचेरीच्या मोठ्या रजिस्टरांचं काम संपलं आणि थोडा चांगला, जाड कागद उरला. बाइंडरने त्याच्या आठ-आठ कागदांच्या जुड्या केल्या. सगळ्या जुड्या एकावर एक रचल्या आणि त्यांच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली. ही त्याची जुनी सवय. जुड्या चुकून मागेपुढे झाल्या की रेघ तुटते. रेघ पुन्हा सलग दिसेपर्यंत जुड्या हलवायच्या, की क्रम बरोबर लागतो. आत काय लिहिलंय, काय छापलंय, हे बघावंच लागत नाही.

बघायचं नाही, हाच त्याचा नियम होता. त्याच्या उस्तादाने त्याला सांगून ठेवलं होतं, "अक्षरात नजर गेली की टाका चुकला. आपण वाचायचं नाही, आपण बांधायचं." कोणी आपल्याला कसलंही व्यसन नाही हे सांगावं, तसं तो लोकांना अभिमानाने सांगायचा, "इतकी वर्षं पुस्तकं बांधतोय. एक पान वाचलेलं नाही."

लोक हसायचे. त्याची बायकोही हसायची. तेव्हा.

मला बांधून त्याने तिच्या हातात दिलं. "घे. तुला काहीतरी लिहायला वही हवी होती ना?"

ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. इंग्रजी तिला यायचं ते बोटांपुरतं. वकीलसाहेब बोलायचे, ती लघुलिपीत उतरवायची, मग मशीनवर खडाखड टाइप करायची. एक चूक नाही. पण त्या इंग्रजीत असे कितीतरी शब्दसमूह असायचे, ज्यांतला एकेक शब्द तिला माहीत असायचा आणि सगळे मिळून काय म्हणतायत ते कळायचं नाही. त्याने तिचं काही अडलं नव्हतं. एका पत्रापर्यंत.

त्या कचेरीत एक म्हातारे शिपाई होते. सगळे त्यांना शिपाईकाका म्हणायचे. वकीलसाहेबांनी आपल्या भागीदाराला एक पत्र सांगितलं. त्यात एक ओळ होती, की आता याला 'शो द डोअर' करायची वेळ आली आहे. तिने ओळ टाइप केली. शिपाईकाकांनीच तो कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि स्वतः नेऊन दिलं. वर तिला म्हणाले, "बाई, आज हात भलताच जोरात चाललाय तुमचा." महिन्याभराने त्यांना घरी बसवलं. तेव्हा तिला त्या ओळीचा अर्थ कळला.

ती त्यांच्या घरी गेली होती. मी पिशवीत होते, कोरी.

"काका, ते पत्र मी टाइप केलं होतं."

"असेल की. पत्रं तुम्हीच टाइप करता."

"मला कळलं नाही हो, त्यात काय लिहिलंय."

"कळलं असतं तर काय केलं असतं? मशीन मोडलं असतं?" म्हातारा हसला. "जाऊ द्या. तुम्ही नुसतं टाइप केलंत."

"तेच तर," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने माझं पहिलं पान उघडलं. वर लिहिलं, 'शो समवन द डोअर'. खाली लिहिलं, 'अर्थ: एखाद्याला हाकलून देणे'. त्याखाली लिहिलं, 'उदाहरण: मी शिपाईकाकांना दार दाखवलं. टाइप करून.'

मित्रांनो, इथे तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. कचेरीच्या कपाटावरच्या जाड शब्दकोशात अर्थ मिळायचा आणि उदाहरणही मिळायचं. पण कोशातलं उदाहरण ती घ्यायची नाही. उदाहरण आपल्या घरातलं किंवा कचेरीतलं हवं, त्या आठवड्यात घडलेलं हवं, आणि खरं हवं. खरं सापडलं नाही तर जागा मोकळी सोडायची आणि सापडेपर्यंत थांबायचं.

पहिली काही वर्षं माझ्यावर हसू यावं अशीच गेली. 'बीट अराउंड द बुश', अर्थ: मुद्द्यावर न येता गोल गोल बोलणे. उदाहरण म्हणून तिने नुसतं 'स्वल्पविराम' असं लिहिलं. कचेरीतल्या हेडक्लार्कला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण तो दर चार शब्दांनी थांबून चष्मा पुसायचा. 'अ पीस ऑफ केक', अर्थ: डाव्या हाताचा मळ. उदाहरण: 'वन्संना राग आणणे.' या वन्सं म्हणजे बाइंडरची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवसाआड यायची.

"काय गं, या वयात शाळा काढलीस की काय?" ती पडद्यातून डोकावून विचारायची.

"काढलीय. तुम्ही येताय का बसायला?"

"मी? मी तुमच्या त्या साहेबाला आपल्या भाषेतच सुनावीन. अर्थ त्याने शोधावा."

"ते पण लिहून ठेवते, वन्सं."

"लिही, लिही. माझं नाव घाल खाली."

'वन्स इन अ ब्लू मून', अर्थ: क्वचितच, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. उदाहरण: 'आज हे माझ्याबरोबर फिरायला आले. पुलापर्यंत गेलो. हे सारखे म्हणत होते की खळ वाळेल.' हे वाचून तुम्ही हसलात ना? लिहिताना तीही हसली होती. मी तेव्हा नवी होते, मलाही ते हसणंच वाटलं.

मग माझे चांगले दिवस आले. कचेरीतले शिकाऊ वकील माझ्याकडे यायला लागले. "बाई, ती वही जरा द्या बरं." हेडक्लार्कसुद्धा चष्मा पुसत पुसत मला चाळायचा. आपलं नाव कुठे आहे ते त्याला सापडलं नाही, कारण तो फक्त अर्थ वाचायचा. परीक्षेच्या दिवसांत शेजारची, तुमच्याच वयाची मुलं-मुली स्वयंपाकघरात गोल करून बसायची आणि माझ्यातून उतरवून घ्यायची. मला फार मोठेपणा वाटायचा. पण एक गोष्ट तेव्हाही खुपायची. कोणी उदाहरण उतरवायचं नाही.

"काकू, हे उदाहरण सोडलं तर चालेल ना? परीक्षेत येत नाही ते."

"सोडा," ती म्हणायची. "ते माझं आहे."

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आला आणि लोकांच्या खिशात फोन आले. कुठल्याही शब्दाचा अर्थ बोट लावताच मिळायला लागला. मग मला कोणी मागेना. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या आड जाऊन बसले. ती मात्र लिहीत राहिली. वाचणारे गेल्यावर तिची उदाहरणं लांब व्हायला लागली. पूर्वी एक ओळ असायची, आता चार-पाच ओळी यायच्या. कोणी वाचणार नाही याची खात्री झाली की माणूस खरं लिहायला लागतो, असं मी तेव्हा समजत होते. आता मला वाटतं, ती कोणीतरी वाचावं म्हणूनच लिहीत होती. आणि ते कोणीतरी पडद्यापलीकडे बसून दोऱ्याला मेण लावत होतं.

आता मी तुम्हाला काही पानं जशीच्या तशी सांगते.

'अंडर द वेदर', अर्थ: थोडं बरं नसणे. उदाहरण: 'पंधरा दिवस झाले, उजव्या कुशीत दुखतंय. जेवण जात नाही. झोपून उठले की बरं वाटेल असं रोज वाटतं.'

'फॉल ऑन डेफ इअर्स', अर्थ: सांगितलेलं कोणाच्याही कानात न शिरणे. उदाहरण: 'आज यांना म्हटलं, मला बरं वाटत नाही. म्हणाले, बरं. मग म्हणाले, पांढरा दोरा कुठे ठेवलास?'

'पुट ऑन अ ब्रेव्ह फेस', अर्थ: आतून खचलेलं असताना वरून ठीक आहे असं दाखवणे. उदाहरण: 'परत सांगितलं. म्हणाले, शाळेच्या पुस्तकांचा हंगाम संपू दे, मग जाऊ डॉक्टरकडे. मी म्हटलं, बरं. साडीच्या निऱ्या आता दोन जास्त येतात.'

'द एलिफंट इन द रूम', अर्थ: सगळ्यांना दिसणारी पण कोणी न बोलणारी मोठी गोष्ट. उदाहरण: 'आमच्या घरात दोन माणसं आणि एक हत्ती आहे. हत्ती माझ्या कुशीत आहे. हे त्याला वळसा घालून दुकानात जातात.'

या प्रत्येक उदाहरणाखाली तारीख होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सात महिने. इंग्रजीत एक शब्दप्रयोग आहे, दोन ओळींच्या मधलं वाचणे. म्हणजे न लिहिलेलं ओळखणे. तोही माझ्यात आहे, बऱ्याच आधीच्या पानावर. पण इथे ओळींच्या मधलं वाचायची काही गरज नव्हती. नुसत्या ओळी वाचल्या असत्या तरी पुरलं असतं.

तुम्ही म्हणाल, तिने तोंडाने धडधडीत का नाही सांगितलं? हात धरून का नाही म्हणाली, की उठा, आत्ता चला? मित्रांनो, मलाही तिचा राग येतो. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं. आता यांनी आपणहून विचारावं, असं तिला वाटत होतं. ती हट्टी होती. पण हट्ट करतानाही तिने एक वाट उघडी ठेवली होती, आणि ती वाट मी होते.

माझी शिवण फार वर्षांची झाली होती. पुठ्ठा सुटला होता, दोरा कुजला होता. एका दुपारी तिने तो दोरा कात्रीने कापलाच. माझ्या सगळ्या जुड्या सुट्या केल्या आणि पत्ते पिसावे तशा पिसल्या. पानांवर आकडे नव्हते. मग दुखण्याची जुडी तिने मुद्दाम सगळ्यात वर ठेवली आणि मला घेऊन पडद्याबाहेर गेली.

"अहो, ही वही बघा ना. पार सुटलीय."

"ठेव तिथे."

"आज होईल?"

"हंगाम चाललाय गं. बघतो."

"पानं मागेपुढे झालीत. नीट क्रमाने लावा."

"आकडे घातलेत?"

"नाही. वाचून लावावी लागतील." ती टेबलाची कड धरून उभी होती. "अर्थ, उदाहरणं सगळं आपल्याच भाषेत आहे. तुम्हाला वाचता येईल."

"वाचत बसलो तर झालंच," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता हसला. वाईट हसला नाही. त्याला ती थट्टाच वाटली.

ती आत गेली, पण पडद्याला लागूनच उभी राहिली. तिची पावलं पडद्याखालून दिसत होती. मला दिसत होती. त्याने वर पाहिलं असतं तर त्यालाही दिसली असती.

त्याने मला हातात घेतलं. मी तेव्हा जितकी आशा धरली, तितकी आयुष्यात कधी धरली नाही. वरच्या जुडीवर तिचं टपोरं अक्षर होतं. 'हत्ती माझ्या कुशीत आहे' ही ओळ त्याच्या अंगठ्याच्या अगदी शेजारी होती. त्याने अंगठा हलवला, जुडी उलटी केली, पाठीवरची वाळलेली खळ नखाने खरवडली आणि फुंकर मारली. खाली निळा ठिपका दिसला. प्रत्येक जुडीच्या पाठीवर तसा एकेक ठिपका होता. ही त्यानेच मारलेली तिरकी रेघ होती, तुकड्यातुकड्यांनी.

"अरे वा!" तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने ठिपके जुळवायला घेतले. ही वर, ती खाली, ही मधे. बघता बघता रेघ सलग झाली आणि माझा क्रम बरोबर लागला. एकही ओळ वाचावी लागली नाही. मग त्याने मला शिवलं. दाभण दुखण्याच्या पानांतून आरपार गेलं आणि पलीकडून बाहेर आलं. त्याचा एकही टाका चुकला नाही.

पडद्याखालची पावलं केव्हा गेली, ते मला कळलं नाही.

रात्रभर मी शिकंज्यात होते. सकाळी त्याने मला बाहेर काढलं, कापडाने पुसलं आणि आत नेऊन दिलं.

"घे. नव्यासारखी झाली की नाही बघ. क्रमसुद्धा बरोबर लावलाय."

तिने मला उघडून पाहिलं. क्रम खरंच बरोबर होता. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला, की मला तिकडे बघवेना.

"काही दिसलं का हो आत?"

"दिसलं ना. दोन पानांवर शाई फुटलीय. बाकी कागद अजून चांगला आहे."

"हो," ती म्हणाली. "कागद चांगला आहे."

त्या दिवशी तिने एकच नोंद केली. 'ऑन द सेम पेज', अर्थ: दोघांच्या मनात एकच असणे. उदाहरणाची जागा तिने मोकळी सोडली. ती आजही मोकळी आहे.

पाच आठवड्यांनी ती कचेरीत, कीबोर्डवर डोकं ठेवून पडली. स्वल्पविरामाने एका दमात, मधे कुठेही न थांबता, दुकानात फोन केला. इस्पितळात नेलं. माझी पिशवी तिच्या उशाशी होती.

डॉक्टरीणबाईंनी बाइंडरला विचारलं, "किती दिवसांपासून होतंय हे?"

"चार-सहा दिवस असतील," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या लक्षात खरंच तेवढंच राहिलं होतं.

"चार-सहा दिवसांत हे एवढं होत नाही. सात-आठ महिने तरी झालेत. काही बोलल्या नाहीत का या?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मी पिशवीत होते, आणि माझ्या पोटात तारीख होती. नेमकी तारीख. पण वहीला तोंड नसतं.

"आधी आणलं असतंत तर काही करता आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावून नाही, रोज म्हणावं लागतं तशा म्हणाल्या.

ती इस्पितळात अठरा दिवस होती. तिथेही तिने एक नोंद केली. 'अ साइट फॉर सोअर आइज', अर्थ: ज्याला नुसतं पाहूनही शिणलेल्या डोळ्यांना बरं वाटतं असं कोणी. एवढं लिहून ती थांबली, कारण खरं उदाहरण हवं होतं. पेन टेबलावर ठेवून ती डोळे मिटून पडली. मध्येच नर्स आली, तिने तक्त्यावर काहीतरी लिहायला ते पेन उचललं आणि घेऊन गेली. संध्याकाळी तो आला. दुकान बंद करून आला होता, हंगाम तसाच टाकून. शर्टाच्या बाहीला खळ लागलेली होती. तो दारात दिसला, आणि तिने टेबलावर हात फिरवून पेन शोधलं.

"काय हवंय?" त्याने विचारलं.

"पेन."

"कशाला आता? पडून राहा स्वस्थ."

"एक ओळ लिहायची होती."

"उद्या लिही."

ती हसली. बोलायचं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं. तो निघेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. मी बघितलंय. पहाटे ती गेली.

नंतर दीड महिना मी त्याच पिशवीत होते. मग कचेरीतून नवी टायपिस्ट दुकानात आली. साहेब अजूनही जुन्या वळणाचं इंग्रजी सांगतात, फोनमधले अर्थ धड लागत नाहीत, बाईंची ती वही मिळेल का, असं तिने विचारलं. बाइंडर म्हणाला, "न्या ना. पडूनच आहे. पाठीवर सोनेरी अक्षरांत वहीचं नाव घालून देतो, म्हणजे टिकेल. चार वाजता या."

नाव घालायला नाव माहीत हवं. म्हणून, मित्रांनो, तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एक वही आत काय आहे ते बघायला उघडली.

तो उभ्याने वाचत होता. पहिल्या पानावर त्याला शिपाईकाका भेटले. बहिणीच्या रागाचं वाचून तो हसला. पुलापर्यंतच्या फिरण्याशी येऊन थांबला. मग खाली बसला. खळीच्या भांड्यावर साय धरली. तारखा यायला लागल्या, तेव्हा तो प्रत्येक तारखेवर बोट ठेवून वाचत होता. लहान मूल वाचतं तसा.

त्याची बहीण डबा घेऊन आली. "जेवलास का रे?"

"ताई, तिला दुखत होतं हे तुला माहीत होतं?"

"नाही रे, बाबा. मला कशी बोलेल ती? मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

"सांगितलं होतं."

"मग?"

"दोनदा सांगितलं होतं. मग लिहून दिलं होतं." त्याने मला तिच्यासमोर धरलं. "हे बघ, माझेच टाके. या पानातून दाभण घातलंय मी, ताई. या इथून."

बहिणीने डबा खाली ठेवला. तिने पदराने खळीच्या भांड्याची कड पुसली, पुसतच राहिली.

चार वाजता नवी टायपिस्ट आली. त्याने तिला एक नवी, कोरी वही दिली. "ही घ्या. जुनी देता येणार नाही." ती थोडी नाराज होऊन गेली.

आता तो मला रोज वाचतो. माझी पाठ त्याने मऊ कापडाने मढवली आहे. वाळवी लागू नये म्हणून पानांत कडुनिंबाचा पाला ठेवला आहे. इतकी काळजी माझी कधी कोणी घेतली नव्हती. आणि ती मला नको आहे. मी रागाने सांगते, नको आहे. हे हात त्या सात महिन्यांत नुसते उघडायला आले असते, तर मी कुजून गेले असते तरी माझी तक्रार नव्हती.

वाचत वाचत तो इस्पितळातल्या शेवटच्या नोंदीशी येतो. शब्द आहेत, अर्थ आहे, उदाहरणाची जागा मोकळी आहे. तिथे तो फार वेळ बसतो. त्याला वाटतं, लिहिण्यासारखं खरं कोणी तिला सापडलं नाही. तो मला विचारतो, "मी नव्हतो का गं?" मला उत्तर माहीत आहे. ते पेन नर्सने नेलं होतं, आणि तो दारात उभा होता. पण मी फक्त लिहिलेलंच दाखवू शकते. तिने जे लिहिलं होतं, ते त्याने वेळेवर वाचलं नाही. आणि जे लिहायचं राहून गेलं, ते आता तो रोज वाचू पाहतो.

मित्रांनो, वह्या जपून ठेवा, त्यांना पुठ्ठे घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वह्यांचं काय, त्या पडून राहतात. तुमच्या घरात कोणी टेबलाशी बसून काही लिहीत असेल, एखादी आई, एखादी बहीण, आजोबा, कोणीही, तर ते माणूस पलीकडच्या खोलीत आहे तोवर त्याच्याजवळ जा. काय लिहिलंय, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम खाली ठेवा.